भिंतीवरच्या नकाशातले तळे

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो, आणि एका जागी गप्प राहणे माझ्या स्वभावातच नाही. पंखा लागला की माझी खालची दांडी भिंतीवर टकटक करते. पंखा थांबला की माझे कोपरे आपसूक आत वळू लागतात. भिंतीवर असलो की मला गुंडाळीत जावेसे वाटते आणि गुंडाळीत गेलो की, कुणी आतून गुदगुल्या करत असल्यासारखे, उलगडावेसे वाटते. माझ्या पोटात अख्खा देश आहे. जंगले, नद्या, डोंगर, खाणी. एवढे सगळे पोटात घेऊन तुम्ही तरी स्वस्थ झोपला असता का?

मी सांगतो ते सारे खरे आहे. जिथे खोटे वाटेल, तिथे ते जरा जास्तच खरे आहे असे समजा.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. नकाशे काढणारा एक म्हातारा माझ्यावर ओणवा होऊन रेघा ओढत असे. त्याने हा देश पायी तुडवला होता. एखाद्या नदीचे वळण आठवले नाही, की तो डोळे मिटून टेबलाखाली पाय चालवायचा. पाय जिकडे वळले तिकडे नदी वळवायचा. त्याच्या लेकीने माझ्या जंगलांना हिरवा रंग दिला. तिने प्रत्येक जंगलाचा हिरवा वेगळा ठेवला, कारण बापाने तिला प्रत्येकाचा वास वेगळा सांगितला होता. मग मला खळ लावून कापडावर चिकटवले, वर-खाली लाकडी दांड्या बसवल्या आणि मी सरकारात दाखल झालो.

पण सरकारात मला टांगायचे कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हते! तेव्हा झाडे-पाणी-खनिजे सांभाळणारा मंत्रीच नव्हता. नदी बांधकाम खात्याकडे होती. नदीतले मासे शेती खात्याकडे, आणि नदीकाठची वाळू महसूल खात्याकडे. त्यामुळे एखादा मासा उडी मारून वाळूवर पडला, की तो कुणाचा यावर तिन्ही खात्यांची बैठक बसे. बैठक संपेपर्यंत माशाचे काय होई ते मी सांगत नाही, जेवणाच्या वेळी वास मात्र येई. असे फार झाले तेव्हा मंत्रिमंडळात एक नवे पद काढण्यात आले. दारावर एका शब्दाची पाटी लागली, ‘वने’, आणि त्या दाराच्या आतल्या भिंतीवर खिळा ठोकून मला लावले.

पहिले मंत्री पूर्वी शाळेत शिकवत. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांची खुर्ची बहुधा रिकामी असे आणि दाराशी चिखलाचे बूट पडलेले असत. ते जंगल बघून यायचे, तसेच माझ्यासमोर उभे राहायचे आणि बोटाने जागा शोधायचे. बोटाचा चिखल मला लागला की रुमालाने पुसायचे आणि ओशाळायचे. नकाशा आठवण करून द्यायला असतो, बघायला नव्हे, असे ते अधिकाऱ्यांना सांगत. त्या काळात माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की आधी मला दाखवत, मग चहा विचारत. मी फुगून जाई, आणि फुगलो की खालची दांडी टकटक करी.

मास्तर थकले आणि घरी गेले. पद मात्र वाढत चालले. वनांना खनिजे जोडली, खनिजांना पाणी जोडले. रंगारी येई आणि पाटीवर शब्द वाढवून जाई. शेवटी पाटी एवढी लांब झाली, की दार उघडले की तिचे शेवटचे अक्षर शेजारच्या खात्यात जाई आणि तिथले लोक तक्रार करत.

मग आले टाचणीसाहेब. त्यांचे बूट पांढरेशुभ्र असत, म्हणून ते कुठेच जात नसत. खाण सुरू झाली की माझ्या अंगात लाल डोक्याची टाचणी. जंगल राखायचे ठरले की हिरवी. पुढे लाल इतक्या झाल्या, की जागा करायला हिरव्या उपटाव्या लागल्या. मित्रांनो, टाचणी टोचते तेव्हा दुखत नाही. ती काढल्यावर जे भोक उरते ना, तिथे खाजते. मला आजही खाजते.

त्यांच्यानंतर या पदाची वाटणी झाली. वने दुसऱ्या मजल्यावर गेली, पाणी आणि खनिजे तिसऱ्या मजल्यावर, आणि दोन्हीकडे दोन मंत्री नेमले. ते एकमेकांचे साडू होते. नकाशा मात्र एकच. दोघांनाही मी हवा होतो. मला मधोमध कापायचे ठरले, कात्रीही आली. पण त्यांच्या बायका, म्हणजे दोघी बहिणी, हे ऐकून तडक कार्यालयात आल्या. आमच्या माहेरी आधीच पुष्कळ वाटण्या झाल्यात, आता देशाची नको, असे त्यांनी आपापल्या नवऱ्याला बजावले. कात्री परत गेली. मग तोडगा निघाला, की मी सकाळी खालच्या साडूंकडे राहायचे आणि दुपारी वरच्या साडूंकडे.

रोज जिना चढायचा, रोज जिना उतरायचा. दोन शिपाई मला पुढून-मागून धरून नेत. एक दिवस जिन्याच्या वळणावर ते दम खायला थांबले आणि मला तिथल्या चहाच्या टेबलावर टेकवले. पेला कलंडला. माझ्या पूर्वेकडच्या माळावर चहाचा एक डाग पडला. गोल, आणि खाली शेपटी. शिपायांनी फुंकर मारून तो वाळवला आणि मला वर नेले. कुणी काही विचारले नाही. तेव्हा तो नुसता डाग होता, आणि त्याच्याखाली एक गाव झाकले गेले होते.

पुढे दोन्ही मजले पुन्हा एक झाले. त्या लांबलचक पाटीच्या जागी ‘नैसर्गिक संसाधने’ अशी नवी, सुटसुटीत पाटी लागली. नवे मंत्री सारे काही चालता चालता करत. जेवणही. एकदा ते माझ्यासमोरून जाताना थबकले आणि त्यांनी विचारले, हे तळे कुठले?

आता बघा. त्यांच्यामागे जे सचिव होते, त्यांची सगळी नोकरी याच खात्यात गेली होती. एवढे मोठे तळे आपल्याला माहीत नाही, हे ते कोणत्या तोंडाने सांगणार?

“माळावरचं, साहेब,” ते म्हणाले.

“गढूळ दिसतंय.”

“गाळ साचलाय, साहेब.”

त्यांच्याही मागे एक उपसचिव होते. त्यांना वाटले, आपण मागे राहायला नको. त्यांनी सांगितले की गाळ काढण्याची योजना विचाराधीन आहे. मंत्र्यांनी चालता चालताच योजना मंजूर केली. अशा रीतीने तळे जन्मले तेच गाळ आणि योजना घेऊन. संध्याकाळपर्यंत रंगारी आला आणि त्याने डागाला निळी किनार काढली.

तळे आले म्हणजे तळेअधिकारी आलाच. एक सडसडीत, नाकासमोर चालणारा माणूस त्या जागेवर नेमला गेला. बिचारा बरीच वर्षे बढतीची वाट बघत होता. त्याने पहिल्याच आठवड्यात तळे बघायला गाडी मागितली. उत्तर आले, की तळ्यासाठी गाडीची तरतूद नाही, नावेची आहे. नाव आली. ती कार्यालयाच्या बोळात उभी राहिली आणि लोक तिच्यात छत्र्या आणि जेवणाचे डबे ठेवू लागले. वरून मात्र दर महिन्याला पाण्याची पातळी कळवण्याचा हुकूम होता. न बघता लिहायचे म्हणून आधी तो दर महिन्याला तोच आकडा लिही. मग त्याने पावसाळ्यात पाणी थोडे चढवायला आणि उन्हाळ्यात थोडे उतरवायला सुरुवात केली. काही वर्षांनी त्याला तळे दिसूच लागले. घरी जेवताना तो बायकोला तिथल्या पक्ष्यांबद्दल सांगे आणि दुसऱ्या दिवशी तेच कार्यालयातही. मी भिंतीवरून ऐकत असे आणि माझ्या खिळ्याला हिसडे देत असे. पण नकाशाने खिळ्याला कितीही हिसडे दिले, तरी लोक उठून फक्त पंखा कमी करतात.

आणि माळावरच्या त्या झाकल्या गेलेल्या गावाचे काय चालले होते?

गावाने विहीर मागितली. खात्याने कळवले, की आपणास तळे उपलब्ध आहे, त्याचा लाभ घ्यावा. गावाने पुन्हा मागितली. खात्याला संशय आला, की तळ्याकाठचे हे लोक एवढे तहानलेले कसे. कुणीतरी पट्टी घेऊन माझ्यावर मोजले, तर निष्कर्ष निघाला की गावातली सगळीच्या सगळी घरे तळ्याच्या पात्रात आहेत. म्हणजे अतिक्रमण. महिनाअखेर घरे रिकामी करा, नाहीतर पाडली जातील, अशी नोटीस निघाली. ती माझ्याच समोर सही होऊन गेली. त्या दिवशी मी इतका फडफडलो, की माझा एक कोपरा उसवला.

मध्यंतरी मंत्री बदलले होते. नव्या मंत्री एक बाई होत्या. त्या पूर्वी दातांच्या डॉक्टर होत्या. पेशंट ज्या दाताकडे बोट दाखवतो तो बहुतेकदा दुखणारा नसतो, त्यामुळे आ करायला लावून स्वतः बघितल्याशिवाय त्या काही मानत नसत. त्या यायला आणि माळावरून दोन माणसे त्यांना भेटायला यायला एकच गाठ पडली.

एक होती गावाची सुईण आजी. दुसरा तिचा जावई, शिंपी. आजीची लेक पोटुशी होती, दिवस भरत आले होते, आणि तरी रोज लांबून पाणी आणत होती. बाळ येईल तेव्हा डोक्यावर छप्पर असेल की नाही, हे आता या खोलीत ठरायचे होते. आजीने जावयाला पुढे ढकलले. तुम्ही चार बुकं शिकलात, तुम्ही बोला म्हणाली. त्याने तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटले.

“बरं, नका बोलू जावईबापू,” आजी म्हणाली. “घरी तेवढं बोलता.” मग ती मंत्रिबाईंकडे वळली. “बाई, तुमची माणसं म्हणतात आम्ही तळ्यात राहतो. गावातलं प्रत्येक पोर माझ्या हातावर आलंय. तळ्यात जन्मलेलं एक तरी पोहायला शिकलं असतं की नाही?”

बाईंनी तळेअधिकाऱ्याला बोलावले आणि सध्या पाणी किती आहे ते विचारले. तो अगदी मनापासून म्हणाला, की उन्हाळ्याच्या मानाने बरे आहे. आजीने त्याच्याकडे पाहिले. रागाने नाही, आजारी माणसाकडे बघावे तसे.

“मग बाळा, एक कळशी भरून दे,” ती म्हणाली. “मी थांबते.”

 माझी खालची दांडी टकटक करू लागली. बाई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्या डागाला नाक लावून त्यांनी वास घेतला. इतक्या वर्षांत कुणाला हे सुचले नव्हते. त्यांनी मला खिळ्यावरून उतरवले, गुंडाळले आणि काखेत मारले. सगळे माळावर जायला निघाले. तळ्याची पाहणी नावेशिवाय करू नये असा नियम होता, म्हणून नावही ट्रकवर चढली. डब्यांसकट.

मित्रांनो, मी जन्मात पहिल्यांदा देश बघायला निघालो होतो! आत गुंडाळीत असलो तरी सगळे जाणवत होते. गाडी वळली की माझ्यातला रस्ता वळायचा. काही ठिकाणी मी वळलो आणि रस्ता वळलाच नाही, पण ते म्हाताऱ्याच्या पायांच्या हिशेबात असेल, मी बोलत नाही.

माळावर उतरलो तेव्हा चहूकडे पांढुरकी, तडकलेली जमीन होती आणि मधे घरे. धूळ एवढी, की चालकाला शिंक आवरेना. तळेअधिकारी गाडीच्या पायरीवर बसला. त्याने बूट काढले, मोजे काढले, ते बुटात नीट घातले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मग जपून, बोटे आखडून, एक पाय खाली टेकवला.

गाव गोळा झाले होते. सगळे बघत राहिले.

“अजून वर घे,” आजी म्हणाली. “खोल असेल.”

तेव्हा हशा पिकला. तो मात्र तसाच, बूट हातात धरून, जमिनीवर बसला आणि हाताने माती चाचपू लागला. इथे पक्षी असायचे, असे काहीतरी पुटपुटला.  शिंपी जावई, जो आतापर्यंत कुठेच बोलला नव्हता, त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, “होतं असं साहेब. मीपण एकदा न मापता कोट शिवला होता.”

बाईंनी नाव उतरवून जमिनीवर ठेवायला लावली आणि मला तिच्यावर पसरले. मग ओले फडके मागितले. डाग पुसला म्हणजे तळे जाईल, तळे गेले म्हणजे नोटीस जाईल, इतके ते सोपे होते. ओल्या फडक्यासाठी पाणी हवे होते. आजीची लेक घरात गेली आणि एक पेला घेऊन आली. तिने तो दोन्ही हातांनी धरला होता आणि चालताना तिची नजर पाण्यावर होती, रस्त्यावर नव्हती. बाईंनी रुमाल बुडवायला हात पुढे केला, तेवढ्यात आजीने पेल्यावर आपला तळहात झाकला.

“हे पाणी कागदावर नका घालू, बाई. तिला पिऊ द्या.”

“आजी, डाग पुसल्याशिवाय तुमची घरं सुटायची नाहीत.”

“पुसता कशाला? इतकी वर्षं तुम्ही तळं कागदावर सांभाळलंत. आता आमच्याकडे द्या. घरांच्या खालच्या अंगाला उतार आहे, तिथं आणून ठेवा.”

बाई नावेभोवती एक फेरी मारून आल्या. मग आणखी एक. दुपारचे ऊन माझ्या पाठीतून आरपार जात होते आणि मला वाटत होते, आता हे मला उचलतील आणि परत भिंतीवर नेतील, सगळे जसेच्या तसे. नकाशांच्या नशिबी बहुधा तेच असते. पण बाईंनी आजीच्या लेकीला पाणी पिऊन टाकायला सांगितले, आणि ती पीत असताना खिशातून पेन काढले. निळ्या किनारीला लागून, अगदी काठावर, त्यांनी बारीक बारीक चौकोन काढले. घरे. मधला एक चौकोन, आपल्या घराचा, आजीने बोट दाखवून काढायला लावला. मग त्यांनी नोटीस फाडली. आणि तळ्यातला गाळ काढण्याची जी योजना पूर्वीच्या मंत्र्यांनी चालता चालता मंजूर करून ठेवली होती, ती अमलात आणा म्हणाल्या. तळेच नसल्यामुळे तिथे वरपासून खालपर्यंत सगळा गाळच होता. तो काढायचा म्हणजे तळे खणायचे.

पहिली कुदळ तळेअधिकाऱ्याने मागून घेतली. पँट त्याने तशीच वर ठेवली होती.

खणणे चालू असतानाच आजीच्या लेकीला मुलगी झाली. घरात जागा कमी, म्हणून डबे काढून तिला नावेत झोपवायचे. सरकारी नाव पाण्यात पडण्याआधी पाळणा झाली. पुढच्या पावसानंतर उतारावर खरेच पाणी साचले. फार नाही, गुडघाभर. तळेअधिकाऱ्याने आत उतरून मापले आणि आयुष्यातली पहिली खरी पातळी खात्याला कळवली. खात्याकडून तातडीने उत्तर आले, की मागील सर्व वर्षांच्या तुलनेत पाणी चिंताजनक घटले आहे, खुलासा करावा.

तो खुलासा करत राहिला, आणि तळे भरत राहिले.

ते असो. बाईंचे सरकार गेले. हे मंत्रिपद मग उद्योग खात्याला जोडले, पुन्हा तोडले, आता त्याचे नाव काय आहे ते मला विचारू नका. पाटी माझ्याकडे पाठ करून लागलेली आहे. मी तळघरातल्या एका कपाटात गुंडाळी होऊन पडलो होतो, आणि परवा मला पुन्हा वर आणून टांगले. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही, मित्रांनो, म्हणूनच तर तुम्हाला एवढे सगळे एका दमात सांगितले.

कपाटात असताना मला कसर लागली. कसर, म्हणजे कागद खाणारी ती बारीक कीड. तिने माझ्या उत्तरेकडच्या सगळ्यात दाट जंगलात एक भोक पाडले आहे. काल नवे मंत्री बघून गेले. त्यांनी विचारले, हे काय? आणि मागून कुणीतरी सांगितले, मोकळी जागा आहे, साहेब. त्या जागेसाठी कारखान्याचा प्रस्तावही लगेच निघाला.

तिथे मोकळी जागा नाही. तिथे झाडे उभी आहेत, त्यांच्या सावलीत माणसे राहतात, आणि त्यांना माझ्या पोटातल्या या भोकाची काहीच कल्पना नाही. तुमच्यापैकी कुणाची आत्या, कुणाचा मामा सरकारात असेल. त्यांना सांगा, की आधी तिथे जाऊन या. आणि माझ्यासारखे कुणी जुने तुमच्या शाळेच्या भिंतीवर असेल, तर त्याला वर्षातून एकदा उन्हात पसरा, त्याच्या गुंडाळीत एक डांबरगोळी टाका. आमची दुर्दशा झाली की ती आमच्यापाशी थांबत नाही.

जरा लवकर करा. सही सोमवारी आहे, आणि कसर अजून खातेच आहे.